अंगणात निघालेल्या बाटल्या आणि सर्व रोगांवरचं एकच औषध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगोला जुनं घर घेतलंत, मागच्या अंगणात भाजीचे वाफे करताना तीन बाटल्या निघाल्या. एक तपकिरी, तिच्यावर तिजोरीचं चित्र आणि 'वॉर्नर्स सेफ क्युअर, मेलबर्न'. दुसरी चौकोनी, हिरवी, 'उडोल्फो वुल्फ्स अ‍ॅरोमॅटिक श्नॅप्स'. तिसरी छोटी, डॉ. जे. कॉलिस ब्राऊन यांच्या 'क्लोरोडाइन'ची, बूच अजून जागेवर आणि तळाशी काहीतरी सुकलेलं. मग तुम्ही त्या काळच्या जाहिराती वाचल्यात आणि चक्रावलात. एकच औषध खोकल्यापासून अर्धांगापर्यंत सगळं बरं करतं यावर लोकांनी विश्वास कसा ठेवला? ते इतके भोळे होते का? यातलं काही खरंच लागू पडायचं का? आणि त्या तिसऱ्या बाटलीचं काय करायचं?

मी फार्मासिस्ट. आधी पुण्यात, मग मेलबर्नमध्ये काउंटरमागे उभं राहण्यात सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर जुन्या औषधांच्या बाटल्या, डब्या आणि माहितीपत्रकं यांच्या नोंदी हौसेने करतो. म्हणून पुढचं सगळं औषधविक्याच्या नजरेतून आहे असं समजा.

'लोक भोळे होते का' हा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण त्याने काहीच कळत नाही. जुनी बाटली हातात आली की मी आधी एवढंच बघतो: हे घेतल्यावर चार-सहा तासांत माणसाला काय जाणवलं असेल? काहीच जाणवलं नाही तर तो दुसरी बाटली घेत नाही, जाहिरात कितीही मोठी असो. वर्षानुवर्षं खपलेल्या बहुतेक सगळ्या सर्वरोगहारी औषधांत शरीराला लगेच कळेल असं काहीतरी होतंच. फसवणूक शोधायची तर ती दाव्यात, किमतीत आणि आतला माल लपवण्यात शोधावी लागते.

सुरुवात गोळ्यांपासून करतो, कारण त्या तुमच्या अंगणात टिकल्या नसल्या तरी तुमच्या घराच्या पहिल्या मालकाकडे नक्की असणार. थॉमस हॉलोवे यांनी १८३७ मध्ये लंडनमध्ये मलम विकायला काढलं आणि लगोलग गोळ्याही. स्वतःला ते 'प्रोफेसर' म्हणवून घेत. कुठले प्रोफेसर, ते विचारायचं नाही! १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि बॅलॅरट-बेंडिगोकडे माणसांचा लोंढा सुरू झाला, तशा हॉलोवेंच्या जाहिरातीही या ब्रिटिश वसाहतीतल्या वर्तमानपत्रांत झळकू लागल्या. त्यांची सगळ्यात धूर्त चाल मला वेगळीच वाटते. १८५७ आणि १८५८ साली त्यांनी स्वतःचा चेहरा आणि औषधाचं नाव असलेली तांब्याची पेनी टोकनं पाडून घेतली. ऑस्ट्रेलियात तेव्हा सुट्ट्या नाण्यांची चणचण होती, त्यामुळे ही टोकनं सरळ पैसे म्हणून फिरली. जाहिरात वाचायची गरजच उरली नाही, ती खिशातच होती.

आत काय होतं? ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांची तपासणी करवून घेऊन १९०९ मध्ये निष्कर्ष छापले. हॉलोवेंच्या गोळ्यांत मुख्यतः कोरफडीचा वाळवलेला रस, म्हणजे आपला काळाबोळ, सुंठ आणि साबण. त्यांचे मोठे प्रतिस्पर्धी बीचम यांच्या गोळ्यांतही काळाबोळ, सुंठ आणि साबणच. बीचमच्या डबीवर 'एक गिनी मोलाची', म्हणजे एकवीस शिलिंगांची, अशी बढाई असे. ५६ गोळ्यांची ती डबी एक शिलिंग दीड पेनीला मिळे आणि आतल्या मालाची किंमत अंदाजे अर्धा फार्दिंग निघाली. शिलिंग म्हणजे बारा पेनी आणि फार्दिंग म्हणजे पाव पेनी, तेव्हा तुम्हीच हिशेब करा: शंभर पटींहून जास्त. त्या दीड पेनीचीही एक गंमत आहे. तो ब्रिटिश सरकारचा औषधांवरचा स्टँप कर होता. कर भरल्याची ती चिठ्ठी डबीवर चिकटवलेली असायची आणि जाहिरातदार 'सरकारी स्टँप बघूनच घ्या' असं सांगायचे. सामान्य माणसाला ती सरकारची पसंती वाटली तर त्याला काय दोष द्यायचा?

आता माझी कसोटी लावून बघा. खाणीवरचा किंवा मेंढ्यांच्या रानातला माणूस काय खात होता? मटण, राखेत भाजलेला डॅम्पर नावाचा पाव आणि साखर घालून काळा चहा. भाजीपाला नावालाच. अशा माणसाचं पोट आठवडाभर जड असेल, डोकं दुखत असेल, अंग आळसावलं असेल, आणि रात्री काळाबोळाच्या दोन गोळ्या घेतल्यावर सकाळी पोट साफ झालं, तर त्याला खरोखरच बरं वाटणार. त्याचा अनुभव खोटा नव्हता. पण 'या गोळीने डोकेदुखी गेली, म्हणजे हिने यकृतही सुधारत असेल, रक्तही शुद्ध होत असेल' ही पुढची उडी जाहिरात त्याच्याकडून मारून घेत असे.

तुमच्या वॉर्नरच्या बाटलीतही हेच तत्त्व आहे, फक्त अवयव वेगळा. एच. एच. वॉर्नर हे अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे, मूळ धंदा आगीपासून सुरक्षित तिजोऱ्या विकण्याचा. बाटलीवरची तिजोरी तिथून आली. आपल्याला मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता आणि या औषधाने तो बरा झाला, असं ते सांगत. मेलबर्नला त्यांची शाखा होती, म्हणून तुमच्या बाटलीवर ते नाव आहे. औषधात अल्कोहोल, सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि वनस्पतींचे अर्क असत. सोऱ्याने लघवी वाढते. मूत्रपिंडाच्या आजाराने घाबरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी लघवी जास्त झालेली दिसली की त्याच्या दृष्टीने पुरावा मिळाला. खऱ्या मूत्रपिंडविकारात त्याचा काही उपयोग नाही, उलट नुकसान होऊ शकतं. पण ते कळायला महिने लागतात, लघवी दिसायला काही तास.

वुल्फच्या श्नॅप्सबद्दल फार लिहीत नाही. ती जिन आहे. मुतखडा, संधिवात, अपचन यांवर औषध म्हणून विकलेली जिन. ऑस्ट्रेलियात जुन्या वस्तीत कुठेही खणा, ही बाटली निघते. दारूला नाक मुरडणाऱ्या घरांतही ती कपाटात असायची, कारण 'औषध आहे ना!'

तिसरी बाटली मात्र सगळ्यात महत्त्वाची आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. जॉन कॉलिस ब्राऊन हे भारतात ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते आणि १८४८ च्या सुमारास त्यांनी हे मिश्रण पटकीसाठी तयार केलं. पुढे लंडनच्या डॅव्हनपोर्ट यांनी ते विकायला घेतलं. अफूचा अर्क किंवा मॉर्फिन, क्लोरोफॉर्म, भांगेचा अर्क, वर पेपरमिंटसारखा चव झाकणारा वास. यशाबरोबर नक्कलही आली. १८६४ मध्ये फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी कोर्टात वाद झाला, आणि न्यायाधीशांनी 'ब्राऊन हेच मूळ निर्माते' असं म्हटलेलं वाक्य पुढे कित्येक वर्षं जाहिरातीत छापलं गेलं. कोर्टाने औषधाच्या गुणाबद्दल काही ठरवलंच नव्हतं, पण वाचणाऱ्याला तसं वाटावं अशी मांडणी असायची.

हे औषध लागू पडायचं का? हो, आणि म्हणूनच ते धोकादायक होतं. खाणीच्या वस्तीत ओढ्याचं पाणी गढूळ आणि दूषित, आमांश घरोघरी. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, पोटातला पिळा थांबतो, झोप लागते. आज जुलाबावर आपण लोपेरामाइड देतो, तेही आतड्यातल्या अफूच्याच जागांवर काम करतं, फक्त मेंदूपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. तेव्हा क्लोरोडाइन घेतलेल्या प्रौढ माणसाला खरोखर आराम पडे. पण पटकीत आणि लहान मुलांच्या जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. त्यावर क्लोरोडाइन काहीच करत नव्हतं. जे हवं होतं ते मीठ-साखर-पाण्याचं योग्य प्रमाण, आणि ते डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं. शिवाय अफूची सवय लागते. क्लोरोडाइनचे व्यसनी झालेल्यांच्या आणि जास्त मात्रेने मेलेल्यांच्या बातम्या त्याच वर्तमानपत्रांत येत, ज्यांत त्याच्या जाहिराती येत.

लहान मुलांच्या औषधांबद्दल लिहिताना माझा स्वर बदलतो, त्याला इलाज नाही. 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी विकलं जाई. त्यात मॉर्फिन होतं. बाळ शांत व्हायचं, कधी कधी कायमचं. यात वसाहतीतल्या बायकांना वेगळं काढायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आयाही बाळाला अफूची बाळागोळी देऊन जात असत. दिवसभर मागे कुणी सांभाळणारं नसेल तर गाढ झोपलेलं मूल ही गरज बनते, आणि ती गरज ओळखूनच सिरप विकलं जाई. दुसरा प्रकार दात येतानाच्या पुड्यांचा. स्टीडमनच्या पुड्यांसारख्या पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं संयुग असे. १९१४ मध्ये अ‍ॅडलेडच्या डॉ. हॅरी स्विफ्ट यांनी एका विचित्र बालरोगाचं वर्णन केलं: हातपाय गुलाबी, सुजलेले, मूल सतत किरकिरणारं, खायला तयार नाही. त्याला 'पिंक डिसीज' म्हणू लागले. कारण पारा आहे हे लक्षात यायला १९४० चं दशक उजाडलं, आणि ब्रिटनमध्ये या पुड्यांतून पारा १९५० च्या दशकात गेला, तसा तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. जेवढी मुलं त्या पुड्या घेत त्यातल्या थोड्याच मुलांना हा त्रास होई, म्हणून आयांना आणि डॉक्टरांना संबंध दिसला नाही. 'आमच्या तीन मुलांना दिली, काही झालं नाही' हे वाक्य मी काउंटरवर आजही ऐकतो.

सगळ्यांना एका मापाने मोजू नये म्हणून एक उलटं उदाहरण देतो. 'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल' या गोळ्यांचे हक्क कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या जॉर्ज फुलफर्ड यांनी १८९० मध्ये ५३ डॉलर आणि १ सेंटला विकत घेतले आणि त्या जगभर खपवल्या. त्यांत लोह होतं. रक्तक्षयाने पांढुरक्या पडलेल्या तरुण मुलीला त्याने खरंच फरक पडत असणार. अर्थात लोहाच्या ब्लॉडच्या गोळ्या कुठलाही डॉक्टर तेव्हा स्वस्तात लिहून देत होता, त्यात गुपित काही नव्हतं. जाहिरातीत मात्र या गोळ्या अर्धांग आणि मज्जासंस्थेचे रोगही बरे करत. घरगुती वापरातलं दुसरं नाव तुमच्या स्वयंपाकघरातही असेल: ईनो. 'ईनोज फ्रूट सॉल्ट' त्या काळी प्रवाशांना आणि परदेशी जाणाऱ्यांना जवळपास सर्व तापांपासून रक्षण म्हणून विकलं जाई. आत सोडा आणि आंबट आम्ल. आज तेच पित्तावर आणि ढोकळ्यात वापरतो, तेवढ्यापुरतं ते चोख आहे.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: काही औषधं निरुपद्रवी आणि महाग, काही मर्यादित आजारात खरी उपयोगी, काही जीवघेणी, आणि बाहेरून चारही बाजूंनी सगळी सारखीच दिसत. कारण आत काय आहे ते सांगायचं बंधनच नव्हतं. या औषधांना 'पेटंट औषध' म्हणत असले तरी बहुतेकांनी पेटंट घेतलेलंच नसे. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते. यांनी नाव आणि लेबल राखलं, कृती झाकून ठेवली.

मग विश्वास का? अंतर हे पहिलं कारण. डॉक्टर घोड्यावरून दिवसभराच्या वाटेवर, फी परवडत नाही, आणि आला तरी तोही अफू आणि पाराच देणार. त्या काळच्या अधिकृत वैद्यकाकडेही आमांशावर फारसं काही नव्हतं, हे विसरून आपण त्या माणसांवर हसतो. वर्तमानपत्र मात्र दर आठवड्याला येई. त्यात बातमीसारखा सुरू होणारा मजकूर, एखाद्या मेंढपाळाचा किंवा खाणकामगाराच्या बायकोचा नावानिशी अनुभव, आणि शेवटी गोळीचं नाव. आपल्यासारखाच माणूस बोलतोय असं वाटे. ज्यांना गुण आला नाही त्यांची पत्रं कोण छापणार, आणि जे मेले ते पत्र लिहीत नाहीत. बरेचसे आजार आपोआप बरे होतात, त्याचं श्रेयही बाटलीला जाई.

वसाहतीतल्या माणसाच्या मनातली एक खास जागाही विक्रेत्यांना बरोबर सापडली होती: हा देश नवा, इथली हवा वेगळी, तर इथल्या मातीतच काहीतरी गुप्त औषध असेल. 'बाइल बीन्स'ची गोष्ट त्याचा नमुना आहे. ऑस्ट्रेलियात १८९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या या गोळ्यांची कहाणी अशी की चार्ल्स फोर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने इथल्या आदिवासींच्या माहितीतली एक वनस्पती शोधून काढली. पुढे कंपनीने एडिंबरोच्या एका औषधविक्रेत्यावर नाव वापरल्याबद्दल दावा लावला आणि तोच अंगाशी आला. कोर्टात निघालं की असा शास्त्रज्ञ कुणी नव्हताच, वनस्पतीची गोष्टही बनावट आणि माल अमेरिकेतल्या औषध कंपनीकडून यायचा. ज्यांचा धंदाच फसवणुकीवर उभा आहे त्यांना नावाचं संरक्षण नाही, असं स्कॉटलंडच्या कोर्टाने ठरवलं. १९०६ मध्ये अपिलातही तेच. गंमत म्हणजे निकालानंतरही बाइल बीन्स दशकानुदशकं खपल्या. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात त्यांची भिंतीवर रंगवलेली जाहिरात अजून आहे.

कायद्याने शेवटी हात घातला. ऑस्ट्रेलियात ऑक्टेव्हियस बील या पियानो बनवणाऱ्या उद्योजकाच्या शाही आयोगाने १९०७ मध्ये गुप्त औषधांवर जाडजूड अहवाल दिला. न्यूझीलंडने १९०८ मध्ये वैदूगिरी रोखणारा कायदा केला, कॅनडाने त्याच वर्षी अशा औषधांची नोंदणी सक्तीची केली. बील यांच्याबद्दल मी जरा सावध असतो. जन्मदर घटतोय ही त्यांची मोठी चिंता होती आणि 'स्त्रियांच्या तक्रारींवरच्या' गोळ्या, ज्या आडून गर्भपातासाठी विकल्या जात, त्यांच्यावर त्यांचा विशेष राग होता. तरी आतला घटक लेबलवर आलाच पाहिजे हे म्हणणं बरोबर होतं. भारतात रोगांची यादी देऊन त्यांवर औषधाची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा १९५४ चा आहे. तो किती पाळला जातो ते रात्री उशिरा टीव्ही लावून बघा.

तुमच्या बाटल्यांत नेमकं काय होतं हे मात्र वर्षावर अवलंबून आहे, कारण कायदे आल्यावर नाव तेच ठेवून आतला माल बदलला गेला. विन्स्लो सिरपमधून मॉर्फिन गेलं, क्लोरोडाइनमधून भांग गेली. म्हणून आधी काच बघा. साच्याची शिवण गळ्याखाली थांबून ओठ हाताने बसवलेला असेल तर बाटली बहुधा यंत्राच्या आधीची, म्हणजे साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची. शिवण थेट तोंडाच्या वर गेली असेल तर नंतरची. मग ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या फुकट संग्रहात बाटलीवरचं नाव आणि 'बेंडिगो' टाकून शोधा. तुमच्याच गावच्या वर्तमानपत्रातली जाहिरात, दुकानदाराचं नाव, भाव, सगळं मिळू शकतं.

वॉर्नर आणि वुल्फच्या बाटल्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन खिडकीत ठेवा, हरकत नाही. क्लोरोडाइनचं बूच काढू नका, वास घेऊ नका, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये तर मुळीच धुऊ नका. सुकलेल्या अवशेषात मॉर्फिन असू शकतं. पिशवीत घालून मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि जवळच्या फार्मसीत आधी फोन करून विचारा. नको असलेली औषधं फार्मसी इथे फुकट परत घेतात, पण काच तुम्हाला ठेवायची असेल तर एखाद्या संग्रहालयाशी बोलून आतलं काढून घ्यायची सोय होते का ते बघा. आणि वाफ्यांच्या पलीकडे मुद्दाम खणायचा बेत असेल तर आधी हेरिटेज व्हिक्टोरिया या राज्याच्या वारसा जतन करणाऱ्या खात्याकडे चौकशी करा, जुन्या वस्तीच्या जागांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे.